घरातल्या काटकसरीला रोजची उभारी कुठून मिळते?

पायवाट

नमस्कार. काटकसर का करावी, हे आता कोणाला पटवून द्यावे लागत नाही. किराणा, शाळेची फी, विजेचे बिल आणि औषधे यांचे आकडे समोर आले की ते आपोआप पटते. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरवलेली काटकसर तिसऱ्या आठवड्यापर्यंत टिकवायची, आणि तीही वर्षानुवर्षे, घरातल्या सगळ्यांनी मिळून, कुरकुर न करता टिकवायची, तर तिला रोजची उभारी कुठून मिळते?

ही उभारी भाषणांतून किंवा चित्रफितींतून मिळत नाही, असे माझे मत झाले आहे. ऐकताना सगळे पटते, दोन दिवस हात आखडता राहतो आणि मग पहिले पाढे पंचावन्न. ज्या घरांत काटकसर मुरलेली असते, तिथे ती रोज डोळ्यांसमोर येणाऱ्या एखाद्या साध्या गोष्टीच्या आधाराने चालते. कोणाकडे ती हिशेबाची वही असते, कोणाकडे सायीचे पातेले, तर कोणाकडे भिशीचा हप्ता. आपल्या घरात ही गोष्ट कोणती आहे, ती कशी चालते आणि तिच्यामुळे प्रत्यक्षात किती फरक पडतो, हे कृपया तपशिलाने लिहावे. ‘बाहेरचे खाऊ नका’ यांसारखे उपदेश सर्वांना पाठ आहेत; त्यांपेक्षा घरात काय घडते ते वाचायला आवडेल.

निंबोणी

आमच्या घरात ही गोष्ट म्हणजे वही आहे. तिच्या डाव्या पानावर रोजचा खर्च असतो. उजव्या पानावर वर्षातून एकदोनदाच येणारे खर्च आधीच मांडलेले असतात: विम्याचा हप्ता, शाळेची फी, मालमत्ता कर, दिवाळी, गावची जत्रा, दुचाकीची देखभाल. या सगळ्यांची बेरीज बारांनी भागून जो आकडा येतो, तेवढी रक्कम पगार झाल्या दिवशीच वेगळ्या खात्यात जाते. त्यामुळे जून महिना शाळेचा आणि त्यानंतरचा दिवाळीचा महिना अंगावर येत नाही. महिन्याचे गणित भाजीपाल्यामुळे क्वचितच कोलमडते. ते कोलमडते ठरलेले खर्च ‘अचानक आले’ असे समजल्यामुळे. दिवाळी तर दरवर्षीच येते.

रात्री जेवणे झाल्यावर ज्याने जो खर्च केला तो त्याने स्वतः सांगायचा आणि धाकट्याने लिहायचा, असा आमचा रिवाज आहे. त्या वेळी कोणी कोणाला जाब विचारायचा नाही, हा त्यातला महत्त्वाचा नियम आहे, कारण जाब विचारला की लोक खर्च सांगेनासे होतात. मोबाइलवरून पैसे देण्याची सवय लागल्यापासून पैसा हातातून जाताना दिसत नाही. तो निदान वहीत उतरताना एकदा दिसला, तरी पुढच्या वेळी हात थोडा थबकतो.

आकडेमोड

पायवाट यांनी ‘प्रत्यक्षात किती फरक पडतो’ असे विचारले आहे, म्हणून विजेबद्दल लिहितो. दर रविवारी सकाळी मीटरवरचा आकडा वाचून तो स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लिहायचा, हे आमच्या मुलीचे काम आहे. मागच्या रविवारचा आकडा वजा केला की आठवड्याचे युनिट मिळतात. बिल महिन्याने येते आणि तोवर काय जास्त चालले ते कोणालाच आठवत नाही. आठवड्याचा आकडा वाढला, तर मात्र कारण लगेच सापडते.

आता थोडे गणित. नेहमीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो आणि कमी विजेवर चालणारा बीएलडीसी पंखा सुमारे २८ वॅटचा. रोज बारा तास चालला, तर पहिला महिन्याला २७ युनिट घेतो आणि दुसरा साधारण १०. हा पंखा महाग असल्यामुळे सगळे एकदम बदलू नयेत. घरात सर्वांत जास्त तास फिरणारा पंखा आधी बदलावा. गिझरमध्ये १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. दोन जणांनी लागोपाठ अंघोळी उरकल्या की तापलेले पाणी पुन्हा निवत नाही आणि तेच काम दोनदा करावे लागत नाही. सेट टॉप बॉक्स बंद दिसला, तरी भिंतीवरचे बटण चालू असेल तर तो वीज घेतच असतो. दहा वॅट धरले, तरी महिन्याला सात युनिट होतात.

एका गैरसमजाबद्दलही लिहिणे आवश्यक वाटते. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे आहेत. ३०० ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात, असे अनेकांना वाटते. तसे नसते, वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. याचा अर्थ असा की, आपण वाचवलेले प्रत्येक युनिट हे आपल्या बिलातले सर्वांत महाग युनिट असते. हे कळल्यावर आमच्या घरात बटणे बंद करण्याचा उत्साह बराच वाढला.

रानजाई

आकडेमोड, आपल्या मुलीचे कौतुक वाटले. आमच्याकडे धाकटीला ‘वीजमंत्री’ हे पद दिले आहे आणि आजोबांसकट सगळे तिच्या खात्याचे हुकूम पाळतात.

मांडवीकाठ

आमच्या गोव्यात काटकसरीला ऋतूच उभारी देतो. पावसाळ्यापूर्वी घरात ‘पुरुमेंत’ भरायचा, म्हणजे चार महिन्यांची बेगमी करायची, ही चाल अजून पुष्कळ घरांत आहे. मडगावला त्यासाठी ‘पुरुमेंताचें फेस्त’ भरते. सुक्या मिरच्या, कांद्याच्या माळा, चिंच, आमसुले, खारवलेले मासे, खडे मीठ असा सगळा माल तिथे मिळतो. मिरची उन्हात कडकडीत वाळवून, देठ काढून, पत्र्याच्या डब्यात दाबून भरली, की श्रावणात भाव कितीही चढले तरी आपल्याला फरक पडत नाही.

बेगमीचा दुसरा फायदा पैशांपलीकडचा आहे. घरात काय आहे ते माहीत असते. पाऊस लागला आणि भाजी मिळाली नाही, तर मातीत घोळवून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या निघतात, सुके बांगडे निघतात, सोलकढी होते आणि जेवण उत्तम होते. कपाट भरलेले असले की दुकानाकडे पाय वळत नाहीत. कोकणातल्या सदस्यांना ‘आगोटी’च्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या खरेदीवरून हे सहज समजेल.

रोखठोक

सर्वांबद्दल आदर राखून मला वेगळे मत मांडायचे आहे. पंखा, आठळ्या आणि सेट टॉप बॉक्स यांत जीव अडकवल्यामुळे मोठे खर्च नजरेआड होतात. मध्यमवर्गीय घराचे पैसे गृहकर्जाचे व्याज, गाडी, लग्नसमारंभ आणि दवाखाना यांत जातात. तीस लाखांचे कर्ज वीस वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे २७,००० रुपये येतो. वर्षात बारा हप्त्यांऐवजी तेरा हप्त्यांइतकी रक्कम भरली, तर तेच कर्ज साधारण साडेतीन वर्षे आधी फिटते. बदलत्या व्याजदराच्या घरगुती गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१२ पासून आहे. तरीही अनेक जण वर्षाचा बोनस मोठ्या दूरचित्रवाणी संचावर खर्च करतात आणि कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी घासाघीस करतात. त्या जुडीत तिचे पोट आहे.

माझ्या दृष्टीने काटकसरीची उभारी एका मोठ्या आकड्यातून मिळते. आमच्या घरात दर एप्रिलमध्ये बँकेकडून कर्जाचा उतारा घेतला जातो आणि उरलेल्या मुद्दलाचा आकडा सर्वांना सांगितला जातो. तो खाली येताना दिसणे, याहून मोठी प्रेरणा मला माहीत नाही.

ओसरी

रोखठोक, आपले गणित मान्य आहे आणि भाजीवालीबद्दलचे म्हणणे तर शंभर टक्के मान्य आहे. प्रश्न एवढाच आहे की, तो तेरावा हप्ता येणार कुठून? ज्या घरात बोनस मिळत नाही, तिथे तो स्वयंपाकघरातूनच काढावा लागतो. शिवाय मोठा निर्णय वर्षातून एकदा घ्यायचा असतो आणि त्यासाठी लागणारी सवय रोजच्या लहान कामांतून लागते.

आमच्याकडे दोडक्याची भाजी करायची असेल, तर शिरा काढून आधी बाजूला ठेवतात. त्या बारीक चिरून, थोड्या तेलावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या. मग त्यात तीळ, सुके खोबरे, लसूण आणि लाल तिखट घालून पुन्हा दोन मिनिटे हलवायचे आणि मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटायचे. ही चटणी चार दिवस टिकते आणि भाकरीबरोबर मुले भाजीच्या आधी तीच मागतात. दुधी भोपळ्याच्या कोवळ्या सालींचेही असेच होते. कोंड्याचा मांडा करणे म्हणतात ते हेच.

गॅसबद्दलही एक गोष्ट सांगते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि तो किती दिवस पुरतो, हे बरेचसे आपल्या हातात असते. तूरडाळ अर्धा तास भिजवून कुकरमध्ये लावावी, खाली डाळ आणि वर भात असे एकाच वेळी शिजवावे आणि पहिली शिट्टी झाली की आच बारीक करावी, कारण त्यानंतर मोठ्या आचेने फक्त वाफ बाहेर जाते. चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालावे. आंबटामुळे डाळ लवकर शिजत नाही. नवा सिलिंडर लावला की त्याची तारीख मी शेगडीमागच्या फरशीवर पेन्सिलीने लिहिते. पायवाट यांनी विचारलेली रोज डोळ्यांसमोर येणारी गोष्ट आमच्याकडे ती तारीख आहे.

जाईजुई

चर्चा उत्तम चालली आहे, पण एक बाजू राहून जात आहे. घरातल्या काटकसरीचा भार कोणाच्या कमरेवर पडतो? कुरडया घरी केल्या तर स्वस्त पडतात, असे सगळे सांगतात. त्यासाठी गहू तीन दिवस भिजत घालून रोज पाणी बदलायचे, ते वाटायचे, चोथा पिळून चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे वरचे पाणी अलगद ओतून चीक शिजवायचा, आणि तो गरम असतानाच सोऱ्याने गच्चीवर कुरडया घालायच्या. एवढे सगळे करताना घरातली एकटी बाई उन्हात राबणार असेल आणि तिच्या वेळेची किंमत कोणीच धरणार नसेल, तर ती बचत खरी नाही. तो तिच्यावर टाकलेला खर्च आहे.

म्हणून आमच्या घरात एक नियम केला आहे. ज्याला काटकसरीची नवी कल्पना सुचेल, त्याने ती स्वतः महिनाभर करून दाखवायची आणि मगच ती घराची पद्धत होईल. या नियमामुळे अर्ध्या कल्पना आपोआप मागे पडल्या आणि उरलेल्या टिकल्या. कुरडयाही टिकल्या आहेत, पण आता सोरा यजमान दाबतात, गहू मुलगा वाटून आणतो आणि इमारतीतल्या चार घरांच्या कुरडया एकाच दिवशी होतात. चोथाही टाकत नाही. त्याच्या भुसवड्या घालतो.

पहाटवारा

जाईजुईताई, आपला नियम फार आवडला आणि तो आमच्या घरात आजच सांगणार आहे. दुधाचे खाते आमच्याकडे माझ्याकडे असल्यामुळे अनुभव लिहितो. फुल क्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे लिटरमागे सुमारे ६० ग्रॅम. दूध तापवून, पूर्ण निवल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेवले, तर सकाळी सायीचा जाड थर मिळतो आणि मुलांना प्यायला खालचे हलके दूध राहते. साय आठवडाभर साठवून तिला विरजण लावायचे, दुसऱ्या दिवशी गार पाणी घालून घुसळायचे, लोणी धुऊन मंद आचेवर कढवायचे. ताकाची कढी होते आणि खाली राहिलेल्या बेरीत थोडी साखर घातली की मुलांची चंगळ होते. आता आमच्याकडे तूप विकत आणावे लागत नाही. सगळ्या कामाला आठवड्यातला पाऊण तास लागतो आणि त्यात पुरुषाला न जमण्यासारखे काहीही नाही.

माणदेशी_माती

आमच्या भागात काटकसर हा विषय निघाला की १९७२ च्या दुष्काळाची आठवण निघतेच. आजी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात असे. कामावर मिळणारी सुकडी आणि रेशनवर आलेली मिलो ज्वारी यांवर घरातली माणसे जगली. त्यानंतर घरात सुबत्ता आली, तरी ताटात एक शीत उरलेले तिला चालत नसे.

मात्र आजीचीच दुसरी बाजू सांगितली पाहिजे, कारण काटकसरीच्या चर्चेत ती विसरली जाते. उपासमार आणि काटकसर यांतला फरक तिला पुरता कळलेला होता. मुलांचे दूध, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, पोरांच्या वह्या आणि औषध यांत ती एक पैसाही कमी करू देत नसे. आमच्या घरात आजही आधी ही न कापण्याच्या गोष्टींची यादी ठरते आणि उरलेल्यात काटकसर होते. औषधांत बचत करायचीच असेल, तर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून त्याच घटकाचे जेनेरिक औषध घ्यावे. गोळ्या अर्ध्या करून किंवा मधेच थांबवून बचत करू नये. आमच्या वडिलांची रक्तदाबाची औषधे तिथूनच येतात आणि महिन्याच्या खर्चात त्याचा फरक स्पष्ट दिसतो.

रोखठोक म्हणतात तसा मोठा आकडा ज्यांच्याकडे नाही, त्यांनाही उभारी मिळते, याचे उदाहरण आमच्याच तालुक्यात आहे. म्हसवडला १९९७ साली ग्रामीण महिलांसाठी माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. रोजंदारी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायका तिथे लहान लहान रकमा ठेवू लागल्या. पासबुकावर स्वतःच्या नावापुढे वाढणारी शिल्लक पाहून त्या बायका ज्या ताठ मानेने घरी जातात, ते मी जवळून पाहिले आहे.

लोकलची_चौथी_सीट

माणदेशी_माती, आपला प्रतिसाद जपून ठेवला आहे. मला सोबतीबद्दल लिहायचे आहे. एकट्याने केलेली काटकसर लवकर कंटाळवाणी होते. चार घरे बरोबर असली की ती वर्षानुवर्षे चालते. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली सुरू झाली आणि तिच्या वितरण व्यवस्थेत शेजारपाजारची कुटुंबे मिळून एक संघ करतात. महिन्याच्या सामानाची यादी आधी भरून द्यायची असते, सगळ्यांचा माल एका ठिकाणी येतो आणि सदस्य आळीपाळीने त्याची वाटणी करतात.

यात भावाचा फायदा आहेच, पण मला खरा फायदा यादीचा वाटतो. महिनाभराला किती तूरडाळ, किती साखर, किती शेंगदाणे लागतात, हे घरी बसून आधी ठरवावे लागते. दुकानात फिरताना किंवा मोबाइलवर बोट फिरवताना ज्या वस्तू पिशवीत शिरतात, त्यांना यादीत जागाच नसते. वाटणीच्या दिवशी बायका-पुरुष एकत्र जमतात, कोणाच्या घरी कोणता पदार्थ झाला याच्या गप्पा होतात, आणि माझ्या आईला तर त्या दिवसाची वाटच असते. दहा मिनिटांत घरपोच मिळणाऱ्या सामानाच्या काळात महिन्याची यादी करणे जुनाट वाटेल, पण वहीत दोन्ही महिन्यांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत, अशी माझी विनंती आहे.

गव्हाळ

वर्षाचे धान्य भरण्याबद्दल कोणी लिहील का? सदनिकेत जागा कमी आहे आणि मागच्या पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या गव्हाला टोके लागले.

ओसरी

गव्हाळ, जागा कमी असेल तर वर्षाचे धान्य भरू नये. तीन-चार महिन्यांचे पुरते. गहू कडक उन्हात वाळवावा, पण गरम असताना डब्यात भरू नये, पूर्ण निवू द्यावा. डबा कोरडा आणि घट्ट झाकणाचा असावा, मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा. तूरडाळीला एरंडेलाचा हलका हात लावतात. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची पद्धत आहे, पण घरात लहान मुले असतील तर ती टाळावी, असे मला मनापासून वाटते. किडलेले धान्य टाकावे लागले, तर स्वस्तात घेतल्याचा काहीच उपयोग होत नाही.

सुई_दोरा

कपड्यांबद्दल अजून कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. पलंगावरची चादर नेहमी मधोमध विरते आणि तिच्या दोन्ही कडा मात्र मजबूत राहतात. अशी चादर लांबीत मधोमध फाडावी, बाहेरच्या दोन मजबूत कडा एकमेकींना जोडून मध्ये आणाव्यात आणि विरलेल्या बाजू बाहेर नेऊन दुमडून टीप मारावी. शिवण सपाट घातली तर अंगाला टोचत नाही आणि चादर आणखी काही वर्षे चालते. शर्टाची झिजलेली कॉलर उसवून, उलटून पुन्हा बसवणारे शिंपी अजून गावोगावी आहेत.

सुती साड्यांची गोधडी तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याबद्दल माझा आग्रह एवढाच आहे की, साड्या बोहारणीला देऊन एखादे पातळ भांडे घेण्यापूर्वी विचार करावा. तीन-चार मऊ सुती साड्या एकावर एक पसरून, जवळजवळ धावदोरा घातला की जे पांघरूण तयार होते, तसे बाजारात पैसे देऊनही सहज मिळत नाही. जाईजुईताई श्रमाबद्दल म्हणतात ते खरे आहे, म्हणून मी ते काम सक्तीने कोणावर टाकत नाही. मला ते आवडते, म्हणून करते. आवडीचे काम निवडले की उभारी वेगळी शोधावी लागत नाही.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतून लिहितो आहे. इथे घर गरम ठेवण्याच्या खर्चाचा पक्का हिशेब बहुधा वर्षातून एकदा येतो आणि नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना त्या आकड्याचा धक्का बसतो. आकडेमोड यांची रविवारची पद्धत म्हणूनच इथे फार उपयोगी आहे. रेडिएटरवरच्या मापकाचा आकडा आम्हीही नियमित लिहितो. हिवाळ्यात खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा पाच मिनिटे पूर्ण उघडून बंद करावी, म्हणजे हवा बदलते आणि भिंती थंड होत नाहीत, हे शेजारच्या आजींनी शिकवले. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात घातल्या की पावती मिळते, आणि ती रक्कम मुलांची, असे ठरवल्यापासून आमच्याकडे एकही बाटली कचऱ्यात गेलेली नाही.

चष्मा

वाचवलेले पैसे कुठे ठेवायचे, हा प्रश्न धाग्याशी जोडलेलाच आहे, कारण स्वयंपाकघरात वर्षभर वाचवलेली रक्कम जास्त व्याजाच्या आमिषाने एका दिवसात गेलेली मी ओळखीच्या घरांत पाहिली आहे. भिशी ओळखीच्या माणसांत चालते आणि तिचा आनंदही असतो, पण तिला कोणतेही संरक्षण नसते. तिच्यात गेली तरी चालेल एवढीच रक्कम असावी. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँका धरून, २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. पतसंस्थांतल्या ठेवींना हा विमा लागू नाही, आणि ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्या लोकांना माहीत असते.

पोस्टाची आवर्ती ठेव महिन्याला १०० रुपयांपासून सुरू करता येते आणि तिची मुदत पाच वर्षांची आहे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात. मुदत पंधरा वर्षांची आहे. विजेत किंवा गॅसमध्ये वाचलेली रक्कम त्याच महिन्यात अशा खात्यात गेली पाहिजे, नाहीतर ती खात्यातल्या इतर पैशांत मिसळते आणि केलेले श्रम कुठे गेले ते कळत नाही. निंबोणीताईंच्या वहीत यासाठी एक रकाना वाढवता येईल.

निंबोणी

चष्मा, सूचना योग्य आहे. या महिन्यापासून तो रकाना घालते.

रोखठोक

ओसरी, ‘तेरावा हप्ता येणार कुठून’ या प्रश्नाचे उत्तर चष्मा यांनी दिले, असे म्हणतो. लहान बचत वेगळी काढून मोठ्या कर्जाकडे वळवली, तर आपल्या दोघांचेही म्हणणे राहते. कर्जावर ९ टक्के व्याज भरत असताना बचत खात्यात मोठी रक्कम पडू देऊ नये, एवढा आग्रह मात्र कायम आहे. अडीअडचणीसाठी काही महिन्यांचा घरखर्च हाताशी ठेवून बाकीची रक्कम मुद्दलात भरावी.

पायवाट

सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. आम्ही घरात बसून हा धागा मोठ्याने वाचला आणि त्यावर चर्चा केली. मीटर वाचण्याचे काम मुलाने स्वतःहून मागून घेतले. वर्षाचे खर्च बारांनी भागण्याचे काम आम्ही दोघांनी मिळून केले आणि आलेला आकडा पाहून गणित दर दिवाळीला का बिघडते, ते कळले. माणदेशी_माती यांची न कापण्याची यादी आईने सांगितली आणि तिने त्यात वडिलांचे वर्तमानपत्र व स्वतःची वर्षातून एकदाची पंढरपूरची वारी घातली. त्यावर कोणाचेही दुमत नव्हते.

जाईजुईताई, आपल्या नियमानुसार कुरडयांची कल्पना आमच्या घरात मी मांडली असल्याने गहू मीच भिजत घालणार आहे. सोरा शेजारच्या काकूंकडून मिळेल. भुसवड्यांबद्दल आपण ओझरते लिहिले आहे. चोथा नेमका कसा वापरायचा, ते कृपया सांगावे.

जाईजुई

पायवाट, चोथा दोनदा पाण्यात कालवून घट्ट पिळावा, म्हणजे उरलेला चीकही निघतो. मग त्यात लसूण-मिरचीचे वाटण, जिरे, तीळ, हिंग आणि मीठ घालावे. मीठ बेताने घालावे, कारण वाळल्यावर चव तीव्र लागते. मिश्रण सुटत असेल, तर शिजवलेल्या चिकातला एक डाव त्यात मिसळावा. लहान, चपट्या वड्या प्लास्टिकच्या कागदावर घालून कडक उन्हात वाळवाव्यात आणि संध्याकाळी घरात घेऊन दुसऱ्या दिवशी उलटाव्यात. थोडा ताजा चोथा बाजूला ठेवून त्याच दिवशी थालीपिठात घातला, तर राबलेल्या सगळ्यांचे जेवणही होते. डब्यात भरण्यापूर्वी एक वडी मोडून पाहावी. कट्कन मोडली तर भरावी, वाकली तर आणखी एक ऊन द्यावे.